तुम्ही विचारलंत म्हणून: बंद पडलेली पीजे रेल्वे आपल्याला चालवता येईल का?

"नाना, तिकडं परदेशात हौशी लोकच गाडी चालवतात म्हणे. मग आपली पीजे का नाही चालवता येणार?"

मेलबर्नला मुलाकडे जाऊन आल्यापासून लग्नात, दशक्रियेला, बाजारात, कुठंही गाठ पडली की लोक हेच विचारतात. मी रेल्वेतला नाही, माझा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेला. पण वाफेचं थोडंफार कळतं आणि शाळकरी वयापासून त्या गाडीनं फिरलोय, म्हणून लोकांना वाटतं, याला ठाऊक असणार. तर एकदाच नीट सांगतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडं. पीजे म्हणजे जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर नॅरोगेज, अरुंद रुळांची छोटी गाडी. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर असं करत ५६ किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. आता तिथं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची नेहमीची लाइन व्हायचीय.

मेलबर्नजवळच्या डोंगरात जी 'पफिंग बिली' धावते तिचाही गेज नेमका ७६२. मुलानं तिकीट काढून आणलं, तेव्हा हे मला माहीत नव्हतं. स्टेशनात रूळ बघितले आणि म्हटलं, अरे, हे तर आपल्या मापाचं आहे. लाइन १९०० सालची. १९५३ मध्ये दरड कोसळून रूळ गाडले गेले. गाडी तोट्यातच होती, सरकारनं दरड उपसायच्या भानगडीत न पडता पुढच्या वर्षी मार्ग बंद केला. १९५५ मध्ये लोकांनी संस्था काढली, दरडीला वळसा घालून रूळ टाकले आणि १९६२ मध्ये पहिल्या टप्प्यावर गाडी सोडली. बेलग्रेव्ह ते जेमब्रूक हा २४ किलोमीटरचा पूर्ण मार्ग पुन्हा सुरू व्हायला १९९८ उजाडलं. ज्या तरुणांनी संस्था काढली ते तोवर आजोबा झाले होते. त्यांच्याही आधी, १९५१ मध्ये, वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेनं हा पायंडा पाडला. म्हाताऱ्या मालकानं मी आहे तोवर गाडी बंद पडू देणार नाही असं म्हटलं होतं, १९५० मध्ये तो गेला आणि हौशी लोकांनी गाडी हातात घेतली.

इथपर्यंत ऐकून लोक खूश होतात. पुढचं ऐकायला सहसा कोणी थांबत नाही.

गाडी चालवायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं ड्रायव्हर आणि शिट्टी येते. वाफेच्या इंजिनाचं खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. थंड इंजिन एकदम तापवून चालत नाही. भट्टी, नळ्या, बाहेरचं कवच सगळं आपापल्या गतीनं फुगतं, घाई केली की नळ्यांच्या तोंडाशी गळती सुरू. म्हणून गाडी सकाळी सुटायची तर कोणीतरी अंधारातच येऊन जाळ घालायचा. परत आल्यावर राख काढायची, पुढच्या धुराच्या पेटीतली काजळी खरवडायची. ठराविक दिवसांनी बॉयलर रिकामा करून, बुचं उघडून आतून धुवायचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचं काय सांगू! पाणी तापवायच्या हंड्याला आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच बॉयलरला. तो थर जाड झाला की पत्र्याची उष्णता पाण्यात उतरत नाही, पत्रा नको तितका तापतो. पाण्याची पातळी भट्टीच्या छताखाली गेली तर त्याहून वाईट. छतात शिशाचं बूच बसवलेलं असतं, ते वितळून वाफ जाळावर येते आणि धोक्याची सूचना मिळते. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी सतत बघत राहणं, ही निम्मी नोकरी. ब्रिटनमध्ये साधारण दर दहा वर्षांनी असं इंजिन पार सुटं करून बॉयलरची मोठी तपासणी होते. त्याचा खर्च निघेना म्हणून किती इंजिनं शेडमध्ये पडून असतात.

ही कामं करायला मंगळवारी सकाळी कोण येणार? रविवारी फोटो काढायला अख्खा जामनेर तालुका येईल, त्याची मला खात्री आहे.

आणखी एक गैरसमज. 'स्वयंसेवक' ऐकून लोकांना वाटतं, सगळं फुकटात होतं. पफिंग बिलीला शेकडो स्वयंसेवक आहेत, पण पगारी माणसंही आहेत, आणि १९७७ मध्ये तिथल्या राज्य सरकारनं कायदा करून त्या लाइनसाठी मंडळ नेमलं. ज्या गार्डाशी मी बोललो तो मूळचा हिशेबनीस. प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन त्याला झेंडी मिळाली होती. हौस असली तरी नियमातून सुटका नाही. आपल्याकडे रूळ, जमीन, इंजिन सगळं रेल्वेचं. तिच्या मर्जीशिवाय एक डबासुद्धा हलायचा नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझं मत विचाराल तर ब्रॉडगेज झालीच पाहिजे. शेंदुर्णीच्या पोराला जळगावच्या कॉलेजात जायला आणि पहूरच्या शेतकऱ्याचा माल हलायला आठवणी उपयोगाच्या नाहीत. पीजेच्या नावानं गहिवरून लिहिणारे बरेचसे पुण्या-मुंबईत राहतात, हेही सांगून टाकतो. पण अख्खी लाइन नको म्हणजे काहीच नको, असंही नाही. एखादं जुनं स्टेशन, दोन-तीन किलोमीटर रूळ, दोन डबे आणि एक इंजिन, एवढं ठेवता येईल.

इंजिनही डिझेलचंच हवं. इथं लोक माझ्यावर चिडतात, वाफेशिवाय मजा काय म्हणतात. अरे भो, आज तिशीत असलेल्यांनी पीजे पाहिली ती डिझेलवरच. त्यांच्या आठवणीतलं इंजिन सोडून दुसरंच आणायचं तर ते जतन कसलं? शिवाय डिझेलला पहाटेचा जाळ नको, बॉयलर नको. डिझेल मेकॅनिक खानदेशात गावोगाव आहेत. वाफ हवीच असेल तर हरियाणात रेवाडीला जा, तिथं रेल्वेनं शेड आणि इंजिनं जपलीत. चौथऱ्यावर रंग देऊन उभं केलेलं इंजिन मात्र मला नको. दोन पावसाळ्यांत त्याच्या भट्टीत चिमण्या घरटी करतात.

आधी माणसं धरा. त्या गाडीवरचे ड्रायव्हर, गार्ड, फिटर, रूळ सांभाळणारे गँगमन यांतले बरेचसे अजून आहेत, जामनेर-पाचोऱ्यात, काही भुसावळला. कोणत्या वळणावर वेग किती ठेवायचा, पावसात चढावर चाकं घसरली की काय करायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. मोबाइल समोर ठेवा, चहा सांगा आणि त्यांना बोलू द्या. घरात जुनी तिकिटं, पास, ड्यूटीचे कागद, फोटो असतील तर रद्दीत घालू नका. फिशप्लेट (रूळ जोडायची पट्टी), कंदील, रुळाचा तुकडा असलं काही उचलून मात्र आणू नका. रेल्वेची वस्तू घरात सापडली तर तो गुन्हा आहे आणि माझ्याकडे जामिनाला येऊ नका.