आम्ही दोघी गाडी शिकलो

गेल्या दिवाळीत लेकीला 18 पूर्ण झाली. मी 43 ची. दुचाकीच्या शिकाऊ लायसनचे अर्ज आम्ही दोघींनी एकाच संध्याकाळी सारथी पोर्टलवर भरले. तिला प्रकृतीचं स्वयंघोषणापत्र पुरलं. माझं वय 40 च्या पुढं, त्यामुळं मला डॉक्टरांकडून नमुना 1-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, भरून आणावा लागला.

लेक दोन वर्षं मागं लागली होती. अकरावीला वर्गातल्या निम्म्या मुली गाडीवर यायच्या आणि ही केएमटीची, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसची, वाट बघत उभी. पण 16 व्या वर्षी कायद्यानं चालते ती 50 सीसीपर्यंतची गाडी. आमच्या दारातली स्कूटर 110 ची. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला की पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. तिला हे सगळं वाचून दाखवलं होतं. तरी ती महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. त्या अबोल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

शिकवणाऱ्याच्या शोधात एके ठिकाणी गेलो. “ताई, लायसनचं आमच्यावर सोडा, चालवायला काय, रस्त्यावर आपोआप येतंय,” असं ऐकायला मिळालं. मी लेकीला घेऊन तिथनं उठले. शेवटी माझे धाकटे दीर पुढं आले. ते लष्करात ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आर. के. नगरच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर रोज सकाळी 6 वाजता यायचं, एवढीच त्यांची अट.

पहिले दोन दिवस भाऊजींनी किल्लीच दिली नाही. गाडी डबल स्टँडवर लावायची, काढायची, हातानं ढकलत मैदानाला फेरी मारायची. हात भरून आले. पण गाडीचं वजन कुठल्या बाजूला झुकलं की आपल्याला आवरत नाही, ते अंगाला कळलं. तिसऱ्या दिवशी गाडी चालू केली, तीही दोन्ही पाय जमिनीला लावून. रेस नखभर. भाऊजींनी चुन्याची रेघ मारली, दोन्ही टोकांना विटांचे तुकडे ठेवले आणि म्हणाले, “वहिनी, पुढं जायचं कुणालाबी येतंय. या रेघेवर थांबून दाखवा.”

लेक तिथंच पडली. रेघ जवळ आली तसं तिनं हँडल जरा वळवलं आणि घाबरून उजवा ब्रेक करकचून दाबला. खाली मुरूम. पुढचं चाक घसरलं, गाडी आडवी. गुडघ्यावरची सलवार फाटून आत लाल दिसत होतं आणि ती गुडघा सोडून आरसा फुटला का ते बघत होती. भाऊजींनी आधी तिला पाणी पाजलं, मग जागेवरच समजावलं. ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. पण चाक सरळ असेल तरच. वळलेल्या चाकाला, खडीवर, तोच ब्रेक पाडतो. आमच्या गाडीला सीबीएस आहे, म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तरी दोन्ही हातांनी, हळूहळू दाब वाढवत ब्रेक मारायची सवय त्यांनी आमच्याकडून पन्नासदा तरी घोटून घेतली.

एके दिवशी त्यांनी मला मैदानात 16 पावलं चालायला लावलं. साधारण 11 मीटर. ताशी 40 च्या वेगात एका सेकंदात गाडी एवढी पुढं जाते, तीही आपलं बोट ब्रेकवर पोचायच्या आत. मी वळून मागं बघितलं तर लेक लांब उभी होती. त्या दिवसापासून पुढच्या गाडीला चिकटून जायची माझी छाती झालेली नाही.

हेल्मेट तर आम्ही चुकीचंच घालत होतो. आयएसआय मार्क बघून घेतलं होतं, पण लेक केसांना मागं क्लचर लावायची आणि हेल्मेट त्यावर टेकून वर उचललेलं राहायचं. काकांनी पट्टा लावलेला असताना मागून वर ढकललं तर ते सरळ तिच्या डोळ्यांवर आलं. तेव्हापासून वेणी, आणि तीही खाली. ओढणी मात्र घरातून निघतानाच कमरेला गाठ मारून. मोकळी ओढणी चाकात गेली की काय होतं ते आमच्या गल्लीनं बघितलंय.

पुढंमागं लाल एल लावून रस्त्यावर आलो तेव्हा ऊसाचा हंगाम भरात होता. एका संध्याकाळी भाऊजी मुद्दाम बावड्याच्या रस्त्याला घेऊन गेले, मागं ते आणि पुढं मी. अंधारात समोर नुसता काळा डोंगर, ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मागं बाहेर आलेली ऊसाची टोकं. ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्यानं की हॉर्न ऐकू जाणं शक्यच नाही. एक ट्रॉली ओलांडतोय म्हणेस्तोवर तिला जोडलेली दुसरी. “घाई न्हाई, मागं ऱ्हावा,” एवढंच ते म्हणत राहिले. रस्त्यावर पडलेल्या पाल्यावरही चाक सरकतं, हे त्याच दिवशी कळलं. आणि गंगावेशीजवळ म्हशी आडव्या आल्या तर हॉर्न मारायचा नाही, थांबायचं, आणि म्हशीच्या मागनं जायचं. पुढनं कधीच नाही.

शिकाऊ लायसन मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. 6 महिने मुदत होती, म्हणून आम्ही दोन महिने थांबलो. लेकीनं आठाचा आकडा पहिल्या फटक्यात काढला. माझा पाय टेकला. मी चाकाकडं बघत होते. त्यानंतर लेक मैदानात विटांच्या मधे उभी राहून काकांच्याच आवाजात ओरडत होती, “आई, कुठं बघालीस? जिथं जायचंय तिथं बघ!” पुढच्या तारखेला मी तिच्या चेहऱ्याकडं बघत आठ काढला.

आता वळीव सुरू झालाय. पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा सगळ्यात जास्त घसरतं, म्हणून भाऊजींनी पावसातला धडा राखून ठेवला होता. रविवारी पाऊस आला तर जायचं ठरलंय. चुन्याची रेघ पाण्यात टिकणार नाही, म्हणून लेकीनं विटांचे तुकडे आत्ताच पोत्यात भरून जिन्याखाली ठेवलेत.