तिसरं पाकीट

इथे इंग्लंडमध्ये सुपरमार्केटात पॅरासिटामॉलची दोनच पाकिटं मिळतात. एका पाकिटात १६ गोळ्या. तिसरं टोपलीत असलं की पैसे घेणारी मुलगी ते बाजूला काढून ठेवते. या आठवड्यात माझ्याकडे गोळ्यांचं पाकीट एकच होतं, तरी तिनं अडवलं, कारण सोबत लेमसिपचे दोन डबे होते. लेमसिप म्हणजे गरम पाण्यात ढवळून प्यायची लिंबाच्या चवीची पूड. सर्दी झाली की इथे घरोघरी तीच. तिनं डबा उलटा करून मला बारीक अक्षरातली ओळ दाखवली: यातही पॅरासिटामॉल आहे.

खरं सांगते, डोकं फिरलं. आई-बाबा सांगलीहून आलेले, दोघांनाही लीड्सच्या थंडीनं गाठलेलं, मुलगी शाळेतून खोकला घेऊन आलेली. आमच्या डॉक्टरांची वेळ मागितली तर थेट पुढच्या पंधरवड्यातली. म्हणजे डॉक्टरही भेटणार नाही आणि दुकानात गोळ्याही मिळणार नाहीत, मग आजारी माणसानं करायचं काय? आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी मेडिकल असतं. रात्री दहालाही शटर अर्धं उघडं असतं. ते काका तीस वर्षं आमच्या घरातला प्रत्येक आजार ओळखून आहेत. ही माणुसकी इथल्या कुठल्याही काउंटरवर मला मिळालेली नाही, आणि हे मी कुणापुढेही म्हणेन.

नियम सप्टेंबर १९९८चा आहे. साध्या दुकानात एका पाकिटात १६ गोळ्या, औषधांच्या दुकानात ३२. एका वेळी दोनच पाकिटं द्यायची, ही त्यापुढची खबरदारी दुकानं घेतात. मनाच्या वाईट क्षणी हाताशी ढीगभर गोळ्या असू नयेत, हा मूळ हेतू. पण सर्दीच्या औषधांत धोका वेगळ्या वाटेनं येतो, न कळत. लेमसिप मॅक्सच्या एका पुडीत १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाची २४ तासांची मर्यादा ४००० मिलिग्रॅम. चार पुड्यांत ती संपली. वर अंग दुखतंय म्हणून ५००च्या दोन गोळ्या, रात्री झोप लागावी म्हणून नाइट नर्स नावाचं सर्दीचं औषध (त्याच्या एका मात्रेतही १०००), की सहा हजार झाले, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण तीन वेगवेगळी औषधं घेतली. मर्यादेत घेतलं तर पॅरासिटामॉल चांगलंच औषध आहे. ती फार ओलांडली, की त्यापासून बनणारा विषारी अंश निकामी करायची यकृताची ताकद संपते आणि पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी माणसाला फारसं काही जाणवतही नाही. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून जास्त घेतलं गेल्याची शंका आली तर त्रास होण्याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

हे सगळं मला त्या मुलीनं नाही, दुसऱ्या दिवशी फार्मासिस्टनं समजावलं. बाबांना घेऊन गेले होते. त्यांच्या पिशवीत सांगलीहून आणलेल्या 'सर्दीच्या गोळ्या' होत्या, चार-चारचे तुकडे, कात्रीनं कापलेले. एका तुकड्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं, दुसऱ्यावर फक्त किमतीचा कोपरा. तिनं ते तुकडे उजेडात धरून उलटसुलट करून पाहिले आणि ठेवून दिले. मग मी काकांना व्हॉट्सॅप केला. त्यांनी पाच मिनिटांत अख्ख्या स्ट्रिपचा फोटो पाठवला: पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन.

तिनं विचारलं, बाबा रोज काय घेतात? बीपीची गोळी, प्रोस्टेटची गोळी. ती लगेच म्हणाली, मग ही नको. फिनाइलएफ्रिन हे नाक मोकळं करणारं औषध रक्तवाहिन्या आकसवतं, बीपी वाढू शकतं. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या औषधानं गुंगी येते, वयस्कर माणूस रात्री उठताना पडू शकतो, आणि प्रोस्टेट असेल तर लघवी अडू शकते. बाबा ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "अगं, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही." तिनं दिलं काय, तर नाकात मारायचा मिठाच्या पाण्याचा फवारा आणि साधं पॅरासिटामॉल. खोकल्याला मध-लिंबू. मुलीसाठी मागितलं तर सिरप दिलंच नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधं द्यायची नाहीत, हे इथे २००९पासून आहे.

आता कुणी म्हणेल, बघा, तिकडे कसं शिस्तीत असतं. एवढंही नाही. तोंडावाटे घेतलेल्या फिनाइलएफ्रिननं नाक मोकळं होत नाही, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, नोव्हेंबर २०२४मध्ये ते काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. इथल्या फळ्यांवर ते अजून आहे, लेमसिप मॅक्समध्येही. आणि आपल्याकडेही डिसेंबर २०२३मध्ये चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण देऊ नये, असा आदेश निघाला. आदेश आपल्याकडेही असतात. पण २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपनं लहान मुलं गेली, त्याबद्दल आपल्या बाजूनं बोलायला माझ्याकडे एक शब्दही नाही.

काकांवरचा माझा विश्वास तसाच आहे. फक्त त्यांना सांगितलंय, आई-बाबांना यापुढे स्ट्रिप कापून द्यायची नाही, दोनच गोळ्या लागल्या तरी अख्खी द्या, पैसे मी भरते. आणि देण्याआधी बीपीचं, प्रोस्टेटचं विचारा. ते म्हणाले, "बाबांचं मला माहीत आहे गं, पण घाईत गिऱ्हाईक 'सर्दीचं द्या' एवढंच म्हणतं." आईच्या पर्समध्ये मी दोघांच्या रोजच्या गोळ्यांची यादी ठेवली आहे. तुमचे आई-बाबा इकडे यायचे असतील तर ती यादी निघण्याआधीच करा, आणि औषधं मूळ खोक्यातच आणायला सांगा.