तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सेड’ की ‘टोल्ड’?

प्रश्न नेहमी त्याच चालीवर येतो. “मॅडम, ‘से’ म्हणजेही सांगणं आणि ‘टेल’ म्हणजेही सांगणंच. मग कुठे काय लावायचं?” नौपाड्यात संध्याकाळी मी मोठ्या माणसांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते, तिथे तो येणारच. पण तो सोसायटीच्या लिफ्टमध्येही येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, वाशी लोकलमध्ये रबाळ्याला उतरायच्या घाईत असलेला एखादा जुना विद्यार्थी दाराकडे सरकता सरकता विचारून जातो. लिफ्टमध्ये आपला मजला येईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं मी सांगते. ते पुरत नाही, हे मलाही कळतं.

तर आधी लिफ्टमधलं उत्तर. ‘टेल’ला ऐकणारा माणूस लागतो आणि ‘से’ला बोललेले शब्द लागतात. ‘टेल’ उच्चारलं की पाठोपाठ कोणाला ते आलंच पाहिजे: ‘टेल मी’, ‘टोल्ड हिम’, ‘टोल्ड द वॉचमन’. मध्ये ‘टू’ नाही, काही नाही. ‘से’च्या पुढे मात्र माणूस काय बोलला ते येतं: ‘ही सेड ही वॉज टायर्ड’. ऐकणाऱ्याला आणायचंच असेल तर त्याला ‘टू’ लावावा लागतो: ‘ही सेड टू मी’. म्हणून ‘ही सेड मी’ चूक, ‘ही टोल्ड टू मी’ चूक, आणि ‘ही टोल्ड दॅट ही वॉज टायर्ड’ हेही चूक, कारण तिथे ऐकणाराच गायब आहे.

लोक काय करतात, तर या दोघांच्या अर्थात फरक शोधत बसतात. ‘से’ म्हणजे सहज बोलणं आणि ‘टेल’ म्हणजे महत्त्वाचं सांगणं, ‘से’ मित्राशी आणि ‘टेल’ साहेबांशी, असे एकेक शोध मी ऐकलेत. अर्थाच्या मागे लागलात की गुंता वाढतो. क्रियापदाच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. नव्वद वेळा तेवढ्यावर भागतं.

आता खरा प्रश्न हा, की इतकी साधी गोष्ट वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही आपल्या तोंडात बसत का नाही? माझ्या वर्गात चाळिशीपुढचे लोक येतात, ज्यांनी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतर शाळेत गेलेली पोरंही येतात. ‘ही सेड मी’ दोघांकडून सारखंच ऐकू येतं. म्हणजे दोष शिकण्याच्या वर्षांचा नाही.

दोष म्हणावा तर आपल्या मराठीच्या उदारपणाचा. ‘तो मला म्हणाला’ चालतं, ‘त्याने मला सांगितलं’ चालतं. ‘तो म्हणाला, की उद्या येतो’ चालतं, ‘त्याने सांगितलं, की उद्या येतो’ हेही चालतं. दोन्ही क्रियापदांना ‘मला’ची हरकत नाही आणि ‘मला’वाचून त्यांचं काही अडतही नाही. त्यातून आमच्याकडे, ठाणे-डोंबिवलीच्या गर्दीत, ‘तो मला बोलला’ सर्रास म्हणतात. पुण्याचे पाहुणे त्यावर नाक मुरडतात, मुरडोत. मुद्दा एवढाच, की तिसऱ्यालाही ‘मला’ चालला. अशा भाषेत वाढलेल्या माणसाने ‘ही सेड मी’ म्हटलं, तर ते अगदी बिनचूक मराठी आहे, फक्त शब्द इंग्रजी आहेत. म्हणून त्या चुकीला मी वर्गात कोणाला हसू देत नाही.

दुसरं कारण शाळेतलं. दहावीला ‘डायरेक्ट’चं ‘इनडायरेक्ट’ करा हा प्रश्न ज्यांनी घोटलाय त्यांना तो मंत्र अजून पाठ असतो: ‘सेड टू’ दिसलं की ‘टोल्ड’ करा. मंत्र बरोबर आहे. ‘ही सेड टू मी’चं ‘ही टोल्ड मी’ होतं, कारण ‘टू’ गेला तरी ‘मी’ जागेवर राहतो. पण पोरांच्या डोक्यात त्यातला अर्धाच भाग उरतो, की परीक्षेत ‘सेड’ खोडून ‘टोल्ड’ लिहिलं की मार्क मिळतो. मग मोठेपणी ऑफिसात शुद्ध बोलायचं म्हणून ही मंडळी जिथे तिथे ‘टोल्ड’ लावतात: ‘मॅनेजर टोल्ड दॅट मीटिंग इज कॅन्सल्ड’. कोणाला टोल्ड? तिथे ‘सेड’ ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. आणखी एक गंमत म्हणजे पुष्कळांना वाटतं, ‘सेड टू’ हेच मुळात अशुद्ध, दुरुस्त करण्यासाठीच जन्माला आलेलं. तसं काही नाही.

ऐकणाऱ्यावाचून ‘टेल’ जिथे चालतं अशा ठरलेल्या जागा आहेत, आणि तिथे आपली मराठी उलट मदतीला येते. गोष्ट आपण सांगतो, विनोद सांगतो. ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल अ जोक’. प्रार्थना आपण म्हणतो. ‘से अ प्रेयर’. ‘खोटं बोलणं’ तेवढं वेगळं पडतं, ते ‘टेल अ लाय’, तसंच ‘टेल द ट्रुथ’. आणि मला सर्वांत आवडणारी जुळणी: रंगाऱ्याला खर्च विचारला की तो भिंतीकडे बघून “वीस हजार म्हणा” म्हणतो, तिथे इंग्रज माणूसही ‘से, ट्वेंटी थाउजंड’ म्हणतो. तसाच आपला ‘म्हणे’. ‘तो म्हणे फार श्रीमंत आहे’ याला ‘ही इज सेड टू बी व्हेरी रिच’ हे नेमकं जोडीदार वाक्य आहे.

मुलाखतीच्या तयारीत हे फार कामाला येतं, कारण तिथला पहिला प्रश्नच ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ असतो. ‘से अबाउट’ असं काही नसतं; ‘से’ला मध्ये ‘समथिंग’ तरी हवं. वर्गात सराव म्हणून मी ‘टेल मी अबाउट ठाणे’ विचारते. मग तलाव निघतात, मामलेदारची मिसळ निघते, पहिली रेल्वे निघते. बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ ला, ती नोंदलेली गोष्ट आहे, तिला ‘इट इज सेड दॅट’ लावू नका, सरळ सांगा. पण ठाण्यात एके काळी साठ तलाव होते, हे आपण एकमेकांकडून ऐकत आलोय, तिथे ‘इट इज सेड दॅट’ शोभतं. कर्ता लपवून बोलायचं झालं तर आणखी एक जागा: ‘मला सांगण्यात आलं’ हे ‘आय वॉज टोल्ड’. ‘आय वॉज सेड’ कधीच नाही, कारण ‘से’ शब्दांवर चालतं आणि माणूस काही बोलला जात नाही.

पाट्याही इंग्रजीत बोलतात. ठाण्याच्या ट्रान्स-हार्बर प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर बघून आपण म्हणतो, पनवेल लिहिलंय. त्यावरून ‘पनवेल इज रिटन देअर’ होतं. कळतं, पण इंग्रज म्हणेल ‘द इंडिकेटर सेज पनवेल’. घड्याळ, पाटी, पत्र, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, या सगळ्यांना ‘सेज’ लावा.

‘टेल’चं एक जुनं अंग मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मूळ जुन्या इंग्रजीत या क्रियापदाला सांगण्याबरोबर मोजण्याचाही अर्थ होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘त्सेलेन’ आजही मोजणं याच अर्थाने नांदतो. बँकेतला ‘टेलर’ तो हाच, पैसे मोजणारा. आणि एटीएममधला ‘टी’ त्याचाच. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात मतं मोजणाऱ्या सभासदांनाही ‘टेलर’च म्हणतात. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे मिळून, ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे मोजता न येणारी संपत्ती. मला वाटतं, ‘कान्ट टेल देम अपार्ट’ किंवा ‘टेल द डिफरन्स’मधलं ओळखणं, निवडणं हे याच्याच जवळचं आहे. जुळ्या भावांतला कोण कुठला ते कळत नसेल तर ‘आय कान्ट टेल’. तिथे ‘से’ घातलंत तर ‘मी सांगू शकत नाही’ असा भलताच सूर लागतो.

इथवर व्याकरण झालं. पण वर्गातली जाणती माणसं जिथे अडखळतात ती जागा पुढे आहे, आणि तिथे व्याकरण अगदी बरोबर असूनही काम बिघडतं.

ऐरोलीच्या एका कंपनीत परदेशी ग्राहक सांभाळणारा एक मुलगा वर्ग सुटल्यावर दारातच थांबला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोबाइल. ग्राहकाची उत्तरं अचानक कोरडी यायला लागली होती आणि टीम लीडरने त्याला मेल पुन्हा वाच म्हणून पाठवलं होतं. मेलची सुरुवात होती, ‘ॲज आय टोल्ड यू ऑन मंडे’. तो म्हणाला, “मॅडम, टोल्डच्या पुढे यू आहे, तुम्ही शिकवलंत तसंच.” खरंच तसंच होतं. पण ‘टेल’ ऐकणाऱ्याला वाक्यात ओढून आणतं, आणि तोच त्याचा काटा आहे. आपल्याकडेही ‘सोमवारी म्हटलं होतं तसं’ आणि ‘सोमवारी तुम्हाला सांगितलं होतं ना’ यात जो फरक आहे, तोच हा. पहिल्यात मी माझ्या बोलण्याची आठवण करून देते, दुसऱ्यात तुमच्या विसरण्याची. मी त्याला ‘ॲज आय मेन्शन्ड ऑन मंडे’ लिहायला सांगितलं. ‘ॲज आय सेड’ही चाललं असतं, पण लेखी ते जरा ताठ वाटतं.

त्याने लगेच विचारलं, “मग ‘ॲज आय मेन्शन्ड यू’?” त्याचा अर्थ, मी तुमचं नाव घेतलं. कुणाकडे घेतलं, कशासाठी घेतलं, म्हणून ग्राहक अजून बिचकायचा. ‘मेन्शन’, ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’ ही सगळी ‘से’च्या गोटातली माणसं, त्यांना ऐकणारा हवा असेल तर ‘टू’ लावून. ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याही ऑफिसात दिवसभर ऐकू येतं. ज्यांनी ‘सेड मी’ सोडलं त्यांच्याही तोंडून येतं.

दुसरी जागा याहून नाजूक. ‘टेल’च्या पुढे माणूस आणि त्यापुढे ‘टू’सह क्रिया आली, की तो हुकूम होतो. मराठीत ‘सांगणं’ वर-खाली दोन्हीकडे चालतं. मी आईला चहा करायला सांगते, साहेबांना सही करायला सांगते, त्यात कोणी कोणाचा अपमान करत नाही. हेच ‘आय टोल्ड सर टू साइन’ झालं, की मीच साहेबांची साहेब.

माझ्याकडे एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी बाई येते. तिने पेशंटला फोनवर सांगितलेलं वाक्य तिने वर्गात सांगितलं: ‘आय टोल्ड द डॉक्टर टू कम अर्ली’. मी म्हटलं, इथे ‘आस्क्ड’ घ्या. ती मानेना. “आस्क म्हणजे विचारणं ना? मी डॉक्टरांना विचारलं कुठे, सांगितलं!” तिचं म्हणणं मराठीत सोळा आणे खरं होतं. इंग्रजीत मात्र ‘आस्क’च्या पुढे माणूस आणि मग ‘टू’ आला, की विचारणं संपून विनंती सुरू होते: ‘आय आस्क्ड द डॉक्टर टू कम अर्ली’. ‘टोल्ड’ तिने ठेवावा तो पेशंटांची रांग ओलांडून आत घुसू पाहणाऱ्या औषध कंपनीच्या एमआरसाठी: ‘आय टोल्ड हिम टू वेट’.