१०२ सेंटिमीटर

सोमवार

उंचीचं टिपण आज एकदाचं नीट लिहून ठेवते. "मुलाला डिस्नेलँडला न्यायचंय, काय काय बघायचं?" असं कुणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: उंची किती? वयाचं नंतर बघू.

राइडमध्ये बसू द्यायचं की नाही, ते दारावरची काठी ठरवते. टोकियो डिस्नेलँडला बिग थंडर माउंटनसाठी १०२ सेंटिमीटर लागतात, स्प्लॅश माउंटनसाठी ९०. शेजारच्या डिस्नेसीत टॉवर ऑफ टेरर १०२, इंडियाना जोन्स आणि रेजिंग स्पिरिट्स ११७. हाँगकाँगला आयर्न मॅन १०२, बिग ग्रिझ्ली ११२. शांघायला सात बुटक्यांची खाणगाडी ९७, ट्रॉन १२२. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत ट्रान्सफॉर्मर्स १०२, जुरासिक पार्कची पाण्यातली राइड १०७, ममी १२२. यातले बहुतेक आकडे मुळात इंचातले आहेत: ४०, ४२, ४४, ४६, ४८. अमेरिकेतली मापं सेंटिमीटरमध्ये करून पाटीवर लिहिली, एवढंच. म्हणून एक-एक सेंटिमीटरचा हिशोब करत बसण्यात अर्थ नाही. लहान मुलाच्या बाबतीत १०२ ची पायरी ओलांडली का, हे बघायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाची मधली उंची ९५-९६ सेंटिमीटर आहे, चार वर्षांच्या मुलाची साधारण १०३, पाच वर्षांच्या मुलाची ११०. आपल्याकडची बरीच मुलं याच्या थोडी खाली असतात. म्हणजे १०२ चा टप्पा साधारण चौथ्या वाढदिवसाच्या आसपास येतो. आणि नेमकं तिथेच तिकीट सुरू होतं. टोकियोला आणि ओसाका, सिंगापूरच्या युनिव्हर्सलला चार पूर्ण होईपर्यंत मूल फुकट, हाँगकाँगला तीन पूर्ण होईपर्यंत. फुकटचं वय आणि मोठ्या राइडचं वय सहसा जुळत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला टोकियोला न्यावं, पण "तिकीट वाचलं, आता सगळं वसूल करू" ही आशा मुंबईतच सोडून जावी.

उंची घरी मोजायची ती अशी. बूट काढून टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवायचं, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलची खूण. केसांचा अंबाडा, पोनीटेल, टोपी यांची उंची कुणी धरत नाही. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभर उभं राहून, खेळून उंची सकाळपेक्षा किंचित कमी भरते. सकाळी जेमतेम १०२ भरलेलं मूल दुपारी चारला काठीखाली सरकू शकतं. जाड तळव्यांचे बूट घालून बघू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. तिथले कर्मचारी असे बूट रोज बघतात. सीमेवरच्या मुलाला रांगेत उभं करण्याआधी दारावरच मोजून घ्यावं. पाऊण तास उभं राहून शेवटी "नाही" ऐकलेलं मूल पुढचा तासभर कशालाच हो म्हणत नाही.

मंगळवार

घड्याळ. सिंगापूर, हाँगकाँग आणि शांघाय आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, जपान आणि कोरिया साडेतीन तास. मोठी माणसं कॉफी पिऊन हे निभावून नेतात, चार वर्षांच्या पोटाला आणि झोपेला ते कळत नाही.

टोकियोला दार नऊच्या सुमाराला उघडतं, आणि पहिल्या तासातली छोटी रांग गाठायची तर साडेआठच्या आत दारावर असायला हवं. म्हणजे आपले पहाटेचे पाच. इंटरनेटवरचे सगळे सल्ले "दार उघडताच आत शिरा" असं बजावतात, पण ते जपानमधल्या किंवा तिथे आठवडाभर मुरलेल्या कुटुंबासाठी. मुंबईहून आदल्या रात्री उतरलेल्या मुलासाठी हा सल्ला उलटा बसतो. त्याची दुपारची डुलकी तिथल्या संध्याकाळी पाच-साडेपाचला येते, आणि रात्री बारापर्यंत ते टक्क जागं असतं.

मग पहिला दिवस उलटा वापरायचा. टोकियोला आठवड्याच्या दिवसांत संध्याकाळी पाचनंतरचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला दुपारी तीननंतरचं. मूल बाबागाडीत झोपलेलं असतानाच आत शिरायचं, ते उठेल तेव्हा दिव्यांची मिरवणूक तोंडावर आलेली असते. दिव्यांनी सजलेल्या गाड्या, समोर बसायला सतरंजी, आणि मुलाच्या अंगात भारतातल्या दुपारचा उत्साह. सकाळच्या धावपळीचा दिवस नंतर ठेवावा, तोवर झोप जरा सरकलेली असते.

सतरंजीचा नियम तेवढा पाळावा लागतो. मिरवणुकीच्या एक तास आधीपासून जागा धरता येते, त्याआधी अंथरलं तर उचलायला लावतात. पुढच्या ओळींनी खाली बसायचं, मागच्यांनी उभं राहायचं. लहान मुलासाठी ही व्यवस्था फार चांगली. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलाला सगळं दिसतं आणि कुणाला खांद्यावर घ्यावं लागत नाही.

हाँगकाँग या बाबतीत सोपं. पार्क साधारण साडेदहाला उघडतं, म्हणजे आपले आठ. रात्री किल्ल्यावरची रोषणाई आणि आतषबाजी साडेआठ-नऊला, म्हणजे आपली संध्याकाळ. आकाराने लहान, चालणं कमी, सनी बे स्थानकावरून निघणारी वेगळी गाडी थेट दाराशी. पहिल्यांदा नेताय आणि मूल चारच्या आतलं आहे, तर मी हाँगकाँगच सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरात तिथे फ्रोझन सिनेमावरचा नवा विभाग सुरू झाला. त्यातल्या बोटीच्या राइडला उंचीची अट नाही, घसरगाडीला ९५ सेंटिमीटर लागतात.

गुरुवार

खाणं. यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण प्रत्येक पार्कचा कायदा वेगळा.

टोकियोत घरचा डबा आत नेऊन खाता येत नाही. दाराबाहेर डबा खाण्यासाठी जागा केलेली आहे, तिथे खाऊन परत आत जाता येतं. तान्ह्या मुलाच्या खाण्याला मोकळीक असते. ओसाकाच्या युनिव्हर्सलला मात्र एक दिवसाच्या तिकिटावर बाहेर पडलात की परत आत नाही. तिथे "दुपारी हॉटेलवर जाऊन झोपवून आणू" हा बेत चालत नाही. हॉटेल अगदी समोर असलं तरीसुद्धा.

शांघायची गोष्ट मजेशीर. तिथे बाहेरचं खाणं बंद होतं. २०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने खटला भरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पार्कने नियम सैल केला. आता स्वतःपुरतं खाणं नेता येतं, पण गरम करावं लागणारं, बर्फात ठेवावं लागणारं आणि उग्र वासाचं चालत नाही. दशम्या, खाकरे, शेंगदाण्याचे लाडू यांना काहीच अडचण नाही. लसणाच्या चटणीबद्दल मी खात्री देणार नाही.

सिंगापूरला जाताना लाडवांचे डबे उघडून बघा. डिंकाच्या लाडवात खसखस असते, अनारशावर तर वरूनच लावलेली. सिंगापुरात खसखस मंजुरीशिवाय नेता येत नाही, अमली पदार्थांच्या कायद्याखाली ती अडवतात. आजीने प्रेमाने दिलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागण्यापेक्षा आजीला आधीच सांगितलेलं बरं.

जपानमध्ये शाकाहारी मुलाची पंचाईत होते, कारण मटणचिकन नसलेल्या पदार्थातही दाशी असते. दाशी म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं पाणी, आणि ती सूपमध्ये, नूडल्समध्ये, अंड्यात, भाजीत कुठेही सापडते. जपानी करीच्या तयार वड्यांतही बऱ्याचदा मांसाचा अर्क असतो. पण साधा पांढरा भात जवळजवळ सगळीकडे मिळतो. पार्काबाहेर जेवताना खिशात मेतकुटाची डबी आणि तुपाची छोटी बाटली असली की मुलाचं जेवण झालं. पार्कात तान्ह्या मुलाच्या खाण्यासाठी बेबी सेंटर गाठावं. दुधासाठी गरम पाणी, डायपर बदलायची जागा, उंच खुर्च्या, सगळं तिथे नीटनेटकं असतं. नकाशा हातात आला की पहिली खूण बेबी सेंटरवर करावी, किल्ला आपोआप दिसतो.

पॉपकॉर्नची गळ्यात अडकवायची बादली महाग वाटते, पण परत भरून घेताना कमी पैसे पडतात. शिवाय रांगेत मुलाचे हात गुंतून राहतात, माझ्या लेखी तिची खरी किंमत ती.

शुक्रवार

आलटून-पालटून बसण्याची सोय. मूल बसू शकत नसेल आणि आईबाबा दोघांनाही राइड हवी असेल, तर बहुतेक मोठ्या पार्कांत ही सोय असते. दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं, मागाहून सांगून उपयोग नाही. टोकियोत एकजण रांगेत जातो, दुसरा मुलाबरोबर बाहेर थांबतो, मग दुसऱ्याला पूर्ण रांग न लावता सोडतात. युनिव्हर्सलची पद्धत वेगळी. साधारणपणे सगळं कुटुंब एकत्र रांग लावतं आणि राइडजवळच्या खोलीत एकजण मुलाला घेऊन बसतो. म्हणजे साठ मिनिटांची रांग मुलाच्याही वाट्याला येते, आणि शेवटी त्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे युनिव्हर्सलला ही सोय फक्त छोट्या रांगेला वापरावी.

बाबागाडी एरवी नीट चालणाऱ्या पाच वर्षांच्या मुलासाठीही घ्यावी. प्रत्येक राइडबाहेर ती ठरलेल्या जागी लावायची असते, आणि कर्मचारी गर्दी वाढली की गाड्या सरकवून नीट ओळीत लावतात. म्हणून "इथेच तर ठेवली होती" असं म्हणत माणसं सैरावैरा फिरतात. भाड्याच्या गाड्या सगळ्या सारख्याच, तेव्हा दांड्याला एखादी लाल ओढणी किंवा रिबीन बांधावी. पासपोर्ट, पाकीट, औषधं गाडीत ठेवू नयेत.

शू. जपान, कोरिया, सिंगापूरच्या बऱ्याच स्वच्छतागृहांत पाणी आपोआप सुटतं. मूल लहान, वजन कमी, जरा पुढे सरकलं की यंत्राला वाटतं माणूस उठला, आणि खालून एकदम खळखळाट. एकदा दचकलेलं मूल दिवसभर जायला नकार देतं, आणि मग भर रांगेत व्हायचं ते होतं. उपाय साधा आहे: खिशात चिकट कागदाची वही ठेवायची, मागच्या भिंतीवरचा काळा डोळा एका कागदाने झाकायचा, मूल उतरलं की कागद काढायचा.

सकाळी दारात शिरण्याआधी मुलाचा पूर्ण उंचीचा फोटो काढावा, त्या दिवशीच्या कपड्यांत. हरवलं तर घाबरलेल्या आईला "निळा की आकाशी" हे आठवत नाही. मनगटावर फोन नंबर लिहिताना पुढे +९१ लिहा, नाहीतर तिथल्या माणसाला तो लागणार नाही.

रविवार

कधी जायचं. आपली उन्हाळी सुट्टी आणि जपानचा गोल्डन वीक, म्हणजे तिथल्या ओळीने येणाऱ्या सुट्ट्या, एकमेकांवर पडतात. २९ एप्रिल ते ५ मे जपानमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते. ५ मे हा तिथला बालदिन, कोरियातही तोच. १० मेनंतर महिनाअखेरपर्यंत हवा छान आणि गर्दी सुसह्य. जूनमध्ये तिथेही पाऊस सुरू होतो. १ ते ७ ऑक्टोबर चीनची सुट्टी, तेव्हा शांघाय आणि हाँगकाँग दोन्ही टाळावीत. सुदैवाने आपली दिवाळी बहुतेकदा त्यानंतर येते, पण तोपर्यंत हाँगकाँगचा वादळांचा मोसम संपलेला असेलच असं नाही. वादळाचा आठ क्रमांकाचा इशारा लागला की पार्क बंद होऊ शकतं, म्हणून तिथे एकच दिवस राखून ठेवू नये.

पावसाच्या दिवसासाठी डिस्नेसीतला मर्मेड लगून आणि सोलचं लोट्टे वर्ल्ड. लगूनचा मोठा भाग छताखाली आहे आणि लहानांसाठीच बांधलेला. लोट्टे वर्ल्डचंही निम्म्याहून जास्त आत. सिंगापुरात दुपारी वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, तेवढ्या वेळात छताखालची सेसमी स्ट्रीटची राइड उरकून घ्यावी.

तीन ते सात वयाला मलेशियातल्या जोहोर बाहरूचं लेगोलँड खूप बसतं. तिथली छोट्यांची गाडी चालवायची शाळा तीन ते पाच वयासाठी आहे, थोरली सहा ते तेरासाठी, आणि मुलाला खरोखर स्टिअरिंग मिळतं. पण सावली फार कमी. सकाळी राइड, दुपारी वॉटर पार्क असा क्रम ठेवावा. डायपरवाल्या मुलाला पोहण्याचा वेगळा डायपर लागतो, साधा डायपर पाण्यात फुगून खाली येतो. सिंगापूरहून एका दिवसात जाऊन येणार असाल तर सीमेवरच्या दोन तपासण्यांची रांग लेगोलँडमधल्या कुठल्याही रांगेपेक्षा लांब असू शकते. शनिवारी तर असतेच.

ज्यांनी अजून तिकिटं काढलेली नाहीत त्यांनी आधी मुलाला खोपोलीच्या इमॅजिकात एखाद्या दिवशी न्यावं. अंधारातली राइड सहन होते का, मुखवटा घातलेली मोठी माणसं जवळ आली की रडतं का, मोठ्या आवाजाला कान झाकतं का, किती वाजता कोसळतं, हे सगळं मुंबईहून द्रुतगती मार्गाने दीड-दोन तासांवरच कळून येतं. कान झाकणारं मूल असेल तर आवाज अडवणारे हेडफोन घ्यावेत, आणि ते घरीच दोन-चार वेळा घालायला लावावेत. आतषबाजीच्या ऐन वेळी नवी वस्तू कानावर चढवू पाहिली तर ती आधी जमिनीवर जाते.