देखाव्याची बैठक: विचारमंथन चालवण्याचा माझा अनुभव

गणेश मंडळाच्या बैठकीत ‘यंदा देखावा काय करायचा?’ असं विचारलं की तीन माणसं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. नवे कार्यकर्ते तर मागे सतरंजीच्या टोकाला मोबाइल बघत बसलेले. मुलं लाजाळू आहेत, असं यावर म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एकानं बोलायचं आणि इतरांनी थांबायचं, या पद्धतीतच खोट आहे.

अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातले ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी विचारमंथनाचे नियम मांडले: टीका नको, अचाट कल्पना चालतील, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. नियम चांगलेच आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकटं बसून काढलेल्या कल्पना जास्त भरल्या. डील आणि श्ट्रोबं या संशोधकांनी १९८७ मध्ये त्याचं मुख्य कारण दाखवलं: आपली पाळी येईपर्यंत माणूस सुचलेलं विसरतो, किंवा ते मनातच खोडून टाकतो. म्हणून मी आधी लिहायला लावतो, बोलणं नंतर.

त्यासाठी जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांची १९६८ सालची ६-३-५ पद्धत वापरतो. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद उजवीकडच्याला. सहा फेऱ्यांत १०८ कल्पना होतात. हा झाला हिशेब. प्रत्यक्षात बऱ्याच कल्पना पुन्हा पुन्हा येतात आणि पाचव्या फेरीपर्यंत हात थकतात. त्यामुळे मी चारच फेऱ्या घेतो, पहिल्या दोन पाच मिनिटांच्या आणि पुढच्या दोन सात मिनिटांच्या, कारण आधीचं वाचायलाही वेळ जातो. अठरा जण आले तर तीन गट. अध्यक्ष आणि सर्वांत नवीन कार्यकर्ता एका गटात ठेवत नाही.

कागद ए-फोर, आडवा, तीन रकाने. नाव लिहायचं नाही. पेनं सगळ्यांना एकाच रंगाची द्यावीत. जुन्या मंडळात अक्षर ओळखलं जातंच, तरी निदान शाईवरून कोणी ओळखू नये. फक्त ‘शिवाजी महाराज’ किंवा ‘पाणी’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. काय दिसेल, ते एका पूर्ण वाक्यात हवं.

सगळ्यात जास्त कस लागतो प्रश्न लिहिताना. ‘काय करायचं?’ इतका मोकळा प्रश्न दिला की गेल्या वर्षीचीच उत्तरं येतात. मी असा देतो: ‘बारा फूट रुंद, आठ फूट खोल स्टेज आहे. रस्त्यावरचा माणूस दोन मिनिटं थांबतो. त्याला काय दिसलं तर तो घरी जाऊन सांगेल?’ राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. अशी अट प्रश्नाखालीच लिहावी, नाहीतर मतदानानंतर कोणाला तरी ती आठवते. मात्र प्रश्नात उत्तर दडलेलं नको. ‘एलईडी पडदा कसा वापरायचा?’ असं विचारलं की सगळे पडद्यालाच चिकटतात.

दुसऱ्या फेरीनंतर हमखास शांतता पसरते. घाबरून सत्र आवरतं घेऊ नका. तोवर आलेलं सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून असतंच. खरं खणायचं काम आता सुरू होतं. अशा वेळी मी फळ्यावर एक अडचण लिहितो: आवाज अजिबात नाही. किंवा, वीज गेली तरी देखावा चालला पाहिजे. किंवा, प्रेक्षक स्टेजवर आणि कलाकार रस्त्यावर. एका वेळी एकच. दोन लिहिल्या की लोक त्यांचीच तुलना करत बसतात. फोन मात्र सगळ्यांचे पालथे. एकानं यूट्यूब उघडलं की गट त्या चित्रातून बाहेर पडत नाही.

‘एवढी वर्गणी कुठून आणणार?’ हा खजिनदारांचा प्रश्न रास्त असतो, फक्त वेळ चुकलेली असते. त्यांच्यासाठी भिंतीवर ‘शंका’ असा वेगळा कागद लावतो आणि शेवटी तो मोठ्यानं वाचतो. वाचतोच, नाहीतर पुढच्या बैठकीपासून ते तिथं लिहीत नाहीत.

मग निवडक कल्पना चिकट चिठ्ठ्यांवर उतरवायच्या, जाड स्केचपेननं. चिठ्ठी गठ्ठ्यावरून खालून वर न ओढता बाजूनं सोलावी. वर ओढली की ती वळते आणि गळून पडते. चुन्याच्या भिंतीवर ती टिकतच नाही, म्हणून आधी ड्रॉइंग शीट लावा. पंखा बंद. जपानचे जिरो कावाकिता यांच्या रीतीप्रमाणे न बोलता सारख्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या आणि गटाला नाव शेवटी द्यायचं. पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक हे स्पर्धांचे ठरलेले कप्पे आधी लावले तर चिठ्ठ्या त्यांतच कोंबल्या जातात. एकटी उरलेली चिठ्ठी एकटीच राहू द्या. चहा या टप्प्यानंतर. लिहिताना आला तर गप्पा सुरू होतात.

मतदानाला टिकल्यांची पाकिटं पुरतात. प्रत्येकाला तीन लाल, तीन हिरव्या: लाल ‘हे नवं आहे’ला, हिरवी ‘हे जमेल’ला. एकाच रंगावर भागवलं तर सोपी कल्पना दर वर्षी जिंकते. टिकली लावण्याआधी आपली निवड हातातल्या कागदावर लिहून घ्यायला लावा आणि अध्यक्षांना शेवटी उठवा. त्यांची टिकली जिथं पडते तिथं गर्दी होते. दोन्ही रंग मिळालेल्या तीन-चार कल्पना ठेवायच्या. लालच लाल असलेली एखादी असेल तर तिला आठवडाभराची मुदत द्यावी, कोणीतरी कागदावर आराखडा काढून आणावा.

सगळं पावणेदोन तासांत बसतं. बैठक जूनमध्येच घ्या. मूर्तिकार, मंडप आणि परवानग्या ठरल्यावर घेतली तर फक्त रंग निवडायचे उरतात. उठण्याआधी प्रत्येक उरलेल्या कल्पनेपुढे एक नाव आणि एक तारीख लिहायची, शीटचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर टाकायचा. बाद चिठ्ठ्या पाकिटात घालून वर साल लिहून ठेवा.