हिंगणघाटला जाताय? सुट्टीचा दिवस सोडून जा

मुंबईत नोकरीला होतो तेव्हा ओव्हल मैदानाच्या कडेनं रोज चालायचो. हायकोर्टाची इमारत फुलरची, त्याच ओळीतलं जुनं सचिवालय विल्किन्सचं. दोघंही लष्करी इंजिनियर. १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडून जागा मोकळी झाली, अन् अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१-६५) कापसाचा पैसा शहरात धो-धो आला. बाजारात तेव्हा हिंगणघाटच्या कापसाचं नाव मोठं होतं. म्हणजे त्या कमानींत थोडीफार आपल्याकडचीही सरकी आहे, असं मी तेव्हा मित्रांना ऐकवायचो. गावी परतल्यावर भाच्याला मागं बसवून हिंगणघाट गाठलंच.

खरं निमित्त मात्र विल्यम लॅम्बटन, भारताची जमीन मोजायला निघालेला इंग्रज. हाही फौजीच, पण त्यानं बांधलं काही नाही, मोजलं. १८०२ मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनं साडेसात मैलांची पायारेषा (पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी, ती पहिली रेषा) मोजायला त्याला ५७ दिवस लागले. साखळी उन्हात लांबते म्हणून तापमानाची नोंद ठेवायची. सोबतचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचं! १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून ते आपटलं, तर यानं ते खोलून स्वतःच दुरुस्त केलं. अशी त्रिकोणाला त्रिकोण जोडत माणसं उत्तरेकडे सरकली. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. पुढचं काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यानं चालवलं. शिखराला नाव त्याचं लागलं, थडगं मात्र आपल्या वाट्याला आलं.

ते शोधताना लॅम्बटनचं नाव घेऊ नका. मी घेतलं, तर ऑटोवाला म्हणाला, "कोन? डॉक्टर हायेत का?" 'जुन्या इंग्रजाचं थडगं' म्हटल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी वाट दाखवली. बघायला दहा मिनिटं पुरे, शोधायला तास धरा.

उरलेला वेळ कापूस बाजाराला द्या. आम्ही पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी गेलो अन् रिकामं आवार बघून परतलो. दुसऱ्या खेपेला डिसेंबरात गाड्यांची रांग होती. व्यापारी बोंडातला पुंजका घेतो, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणतो, तंतू एका रेषेत आणतो अन् लांबी सांगतो. फूटपट्टी नाही, काही नाही. भाच्यानं करून पाहिलं, पुंजकाच तुटला.

नागपूरहून हायवेनं साधारण ७५ किलोमीटर. रेल्वेनं यायचं तर वर्धा-बल्लारशा मार्गावरच हे स्टेशन आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, मे महिन्यात येऊ नका बाप्पा. पाणी सोबत ठेवा, अन् गाडीवाल्याला विचारल्याशिवाय त्याच्या कापसात हात घालू नका. मी घातला होता, अन् बोलणीही खाल्ली.