ते वाक्य माझं होतं

"मदत मागायला जरा वेळ लावतो." गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये टीममधल्या एका मुलाबद्दल मी हे वाक्य लिहिलं. कंपनीचा फॉर्म होता, सहकाऱ्याचं काय चांगलं आणि काय सुधारता येईल, असे दोन चौकोन. चांगल्याच्या चौकोनात मी पंधरा-वीस ओळी लिहिल्या. दुसरा रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून हे एक वाक्य. त्याच्या जोडीला कुणीतरी द्यावं, एवढंच मनात होतं.

जानेवारीत एका संध्याकाळी तो मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. इथे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला तेव्हा पाचच्या आत काळोख पडतो आणि पाऊस पिरपिरत असतो. गाडीत बसून त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पिप होता, परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. म्हणजे ३० दिवसांत कामगिरी सुधारा, नाहीतर निघा. नाव सुधारणेचं असलं तरी त्यातून परत आलेला माणूस मी आमच्या टीममध्ये पाहिलेला नाही. एकूण चार मुद्दे होते. तिसरा म्हणजे माझं वाक्य, शब्दन् शब्द. त्या पंधरा-वीस ओळींतली मात्र एकही नव्हती.

"ताई, हे तुम्ही लिहिलंय ना?"

तो लातूरचा. चिडून विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी फक्त "हो" म्हणाले.

तो मदत का मागत नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्याकडे प्रश्न विचारला की तो कुठेतरी नोंदला जातो. सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी किती तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, बंद केली ते मॅनेजर नावानिशी वाचून दाखवतो. ज्याला उत्तर माहीत असतं तो गप्प बसतो, कारण शेजारचा वर गेला की आपण खाली जातो. टीममध्ये नऊ जण, सगळे कामाचे, तरी वर्षाअखेरीला एक नाव तळाला टाकावंच लागतं. मॅनेजर लोक बंद दाराआड बसून ते ठरवतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. नाव आधी ठरतं, कारणं मागाहून गोळा होतात. आमच्यासारख्यांनी भरलेले फॉर्म तिथे कामाला येतात.

ही पद्धत काही नवी नाही. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९८० च्या दशकात ती गाजवली. वरचे २० टक्के, मधले ७०, आणि तळाच्या १० टक्क्यांनी जायचं. इथून जवळच रेडमंडला मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे. त्यांनी असली क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. माझी कंपनी वेगळी, आणि आमच्याकडे ती दुसऱ्या नावाने अजून चालते.

दिवाळीत तो आमच्याकडे जेवायला आला होता. नेमका त्याचा ऑन-कॉलचा आठवडा, म्हणजे सिस्टिम कधीही बंद पडली तरी फोन त्यालाच. लक्ष्मीपूजन चालू असताना फोन किंचाळला आणि तो लॅपटॉप घेऊन जिन्यावर जाऊन बसला. मी ताट झाकून ठेवलं. रात्री साडेअकराला तो जेवला, तेव्हा पुरीचं पार चामडं झालं होतं. बंद पडलेली ती सिस्टिम मुळात आमच्या टीमची नव्हतीच. जिची होती त्या टीममधल्या कुणीही फोन उचलला नव्हता, म्हणून याने निस्तरली. हे पिपमध्ये कुठून येणार?

तुम्ही विचाराल, मग दुसरी नोकरी का नाही बघायची? एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी सुटली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. ही सवलतही २०१७ पासूनची. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करायचा, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदलून घ्यायचा, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्केच येतात, म्हणून आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला असेल तर रांगेतली जागा सहसा टिकते. याचं त्याआधीचं पर्मच, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, अजून अडकलेलं होतं, त्यामुळे नोकरीबरोबर रांगही गेली. मॅनेजरला हे सगळं ठाऊक असतं. आवाज चढवायची त्याला गरजच पडत नाही.

त्याने त्या ६० दिवसांत रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून मुलाखती दिल्या. दोन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचला. सत्तावन्नाव्या दिवशी मी आणि माझ्या नवऱ्याने त्याला विमानतळावर सोडलं. गाडी त्याने मिळेल त्या भावात विकली होती.

आता तो पुण्यात आहे, नोकरीही चांगली लागली आहे. पण एप्रिलमध्ये त्याच्या आईचा मला फोन आला. लातूरला गल्लीत, लग्नकार्यात, लोक विचारतात, "परत कसा काय आला? काढून टाकला का?" स्थळ बघायला आलेल्यांनीही हेच विचारलं. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, खरं सांग. पोरगं कामात कमी पडलं का?"

मी त्यांना नऊ जणांचं सांगितलं, तळाच्या नावाचं सांगितलं, दिवाळीच्या रात्रीचं सांगितलं. मग माझं वाक्यही सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याने तुझं नाव कधी काढलं नाही."

या ऑक्टोबरमध्ये फॉर्म पुन्हा आला. दुसऱ्या चौकोनात मी लिहिलं, "जे सांगायचं ते समोर बसून सांगितलं आहे." मॅनेजरने तो अपुरा म्हणून परत पाठवला. मी तेच वाक्य पुन्हा लिहून पाठवलं आहे.